विषय क्रमांक पाच: भोजन व संवाद

अक्का, परवा घरी एक मुलगी आली होती. मूळची पुण्याची, इथे बंगलोरला कुठल्याशा संस्थेत संशोधन करते. चहा नको म्हणाली, फोन टेबलावर उताणा ठेवला, रेकॉर्डिंग सुरू केलं आणि विचारलं, "आजी, नाइन्टीजमध्ये तुमच्या ऑफिसनं ते मार्जिनलाइज्ड विमेनचं कन्सल्टेशन केलं होतं ना, त्याची मेथडॉलॉजी काय होती?" मी म्हटलं, "होळिगे." ती म्हणाली, "सॉरी?" मी म्हटलं, "होळिगे. तू पुरणपोळी म्हणतेस ती. वर तूप." म्हातारी माणसं भरकटली की तरुण जशी समजूतदार मान हलवतात, तशी तिनं हलवली आणि पुढच्या प्रश्नाकडे वळली. तेव्हापासून माझं डोकं तापलेलं आहे. तू जगाची अक्का, माझी आई; तापलेलं डोकं घेऊन जायला तुझ्याशिवाय दुसरं ठिकाण मला कधीच नव्हतं. तुला जाऊन इतकी वर्षं झाली तरी नवं सापडलेलं नाही. शिवाय त्या कन्सल्टेशनच्या दिवशी तू आलीस ती थेट जेवणाच्या वेळी. त्याआधीचा तमाशा मी तुला कधी धड सांगितलाच नाही.

झालं होतं असं, की दिल्लीहून पत्र आलं. देशाच्या शाश्वत विकासाचा आराखडा तयार होतो आहे, त्यात समाजातल्या उपेक्षितांचाही सहभाग हवा, तरी आपल्या शहरातल्या उपेक्षितांशी विचारविनिमय करून त्वरित अहवाल पाठवावा. आमचं ऑफिस तेव्हा इंदिरानगरला एका भाड्याच्या बंगल्यात. साहेबांनी पत्र वाचलं आणि मान वर न करता मला विचारलं, "आपल्याकडे उपेक्षित कोण आहेत?" स्टेपलर कुठे आहे, असं विचारावं तसं. मी म्हटलं, "सर, बढती न मिळालेल्यांची यादी आणू का?" हे मी कॉन्व्हेंटच्या इंग्रजीत म्हटलं, त्यामुळे त्यांना तो विनोद वाटला. माझी सगळी नोकरी या एका सोयीवर निभावली. तीच गोष्ट मराठीत किंवा कन्नडमध्ये म्हटली असती तर माझी बदली रायचूरला झाली असती.

शेवटी शिवाजीनगरच्या बाजारामागच्या बायकांना बोलवायचं ठरलं. कचऱ्यातून कागद, काच, पत्रा वेचून त्या तिथल्या मोकळ्या जागेत निवडत बसायच्या आणि जवळच्याच भंगारवाल्यांना विकायच्या. त्यांनाच बोलवण्याचं कारण वेगळं होतं. आमच्या ऑफिसनं शहरासाठी केलेल्या आराखड्यात त्या जागेवर बाग होती. हिरवं वर्तुळ, मधे कारंजं. बायकांना हलवायचं होतं सर्जापूर रोडच्या बाजूला, जिथे तेव्हा नाचणीची शेतं, निलगिरीची झाडं आणि मनात आलं तर येणारी एक बस होती. (आता तिथे एवढे टॉवर आहेत आणि त्यांना अशी इटालियन नावं आहेत, की ऑटोवाला पत्ता ऐकून आधी माझ्या तोंडाकडे बघतो.) त्या बायकांनी एकदा हो म्हटलं की बागेला उपेक्षितांचाच पाठिंबा! अहवालात याहून शोभिवंत काय असणार?

आदल्या संध्याकाळी स्वयंपाकघरात मी हे सगळं तुला तणतणत सांगते आहे. तू भाजी चिरते आहेस, ऐकते आहेस की नाही कळत नाही. बाग, कारंजं, सर्जापूर रोड, कशानंच तुझी विळी थांबत नाही. मग मी सांगते, की अधिकाऱ्यांना हॉटेलातून जेवणाची पाकिटं आहेत आणि बायकांना चहा-बिस्किटं. विळी थांबते. "जेवायच्या वेळेला बायका बोलवायच्या आणि बिस्किटावर वाटेला लावायच्या?" तू म्हणतेस. "तुझ्या साहेबाला आई नव्हती का गं?" मी म्हणते, अक्का, हे सरकारी काम आहे, यात तुझं काही नाही. तू उठून तुरीची डाळ काढतेस. आपल्या नातलगांत लग्न कुणाचंही असो, होळिगे तुझ्याच लागायच्या. अण्णा गेले, तुझं कुंकू पुसलं गेलं, त्यानंतरही लागायच्या. फक्त त्यानंतर तू होळिगे लाटायचीस कोठीघरात आणि जेवायचीसही तिथेच, बाहेर मांडवात तुझ्या होळिगेची तारीफ चालू असायची. त्या संध्याकाळी मात्र तू गुणगुणत होतीस. मला ते खटकलं होतं. तू गुणगुणायला लागलीस की दुसऱ्या दिवशी कुणाची तरी खैर नसायची.

दुसऱ्या दिवशी बायका आल्या, चांगल्यातली लुगडी नेसून, डोक्याला तेल लावून. खुर्च्यांच्या अगदी कडेला बसल्या, उठायला सांगितलं तर वेळ लागू नये अशा. साहेबांनी पडद्यावर तीन वर्तुळं दाखवली: अर्थव्यवस्था, पर्यावरण, समाज. ती जिथे एकमेकांवर येतात तिथे शाश्वत विकास. इंग्रजीतलं हे सगळं आमचा एक कनिष्ठ अधिकारी अशा संस्कृतप्रचुर कन्नडमध्ये सांगत होता, की एका बाईनं चप्पल काढून हात जोडले. मग साहेबांनी विचारलं, "जागा बदलायला काही अडचण?" बायका म्हणाल्या, "इल्ला सार." "सगळ्यांना मान्य?" "सरी सार." संपलं. चहा यायच्या आत देशाच्या आराखड्यात लोकसहभाग होऊन गेला. साहेब मला हळूच म्हणाले, "लिहून घ्या, एकमतानं संमती." मी लिहून घेतलं. मला राग आला होता; पण बायकाच हो म्हणत होत्या, तर रागावू कुणावर, तेच कळेना.

आणि मग दारात ऑटो थांबला. तू उतरलीस, मागून दोन मोठी पातेली, केळीच्या पानांची गुंडाळी आणि पातेलं धरलेला ऑटोवाला. वाटेत तू त्याला आराखड्याची सगळी माहिती दिलेली असल्यामुळे तोही चपला काढून आत आला. "खुर्च्या उचला," तू सांगितलंस, आणि अक्का, उचलल्या गं त्यांनी! ज्या शिपायाला पंखा लावायला मी तीनदा सांगायची, त्यानं हॉल झाडून काढला. एका पंगतीत बायका, समोरच्या पंगतीत अधिकारी. साहेब म्हणाले, आमची पाकिटं आली आहेत. तू म्हणालीस, "ती मुलांना न्या." गुडघ्याची तक्रार त्यांनी सांगून पाहिली, तर तू म्हणालीस, "माझेही दुखतात. बसा." बसले.

पहिली होळिगे वाढलीस तेव्हा सगळ्या बायका पानावर हात आडवा धरून "बेडा अम्मा, बेडा", नको नको, म्हणत होत्या. तू हाताच्या वरून वाढलीस. दुसरीला "साकु अम्मा", पुरे. तू वाढलीस. तिसरीला नुसतं हसल्या. त्यांच्यात एक दोन्ही नाकपुड्यांत चमक्या घातलेली आडव्या बांध्याची बाई होती, तिला बाकीच्या 'लीडर' म्हणायच्या. तिनं चौथीला स्वतःच पान पुढे सरकवलं. तू तिच्यासमोर कंबरेवर हात ठेवून उभी राहिलीस आणि सहज विचारलंस, "मग, जाणार तुम्ही त्या सर्जापूर रोडला?" ती होळिगेचा घास गिळून म्हणाली, "तिथे कचरा कोण टाकणार अम्मा? मोर?"

पंगत फुटली. ऑटोवाला सगळ्यात जास्त हसला. मग एकेक सुरू झाली. भंगारवाले इथे, तिथून माल डोक्यावरून आणायचा का? पोरांची शाळा इथे. बस एक, तीही आम्हाला पोती घेऊन चढू देत नाही. एक म्हातारी म्हणाली, बाग करा हो, पण बागेत आम्हाला बसू देणार आहात का? आणि लीडर म्हणाली, "जागा सोडणार नाही. करायचंच असेल तर वर एक छप्पर घाला, एक नळ द्या. ऊन लागतं." साहेबांचा घास हातातच राहिला. "पण आत्ताच तुम्ही सगळ्यांनी मान्य केलंत!" लीडरनं त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू वाढलेल्या पोराला अंघोळ शिकवायची वेळ आली आहे. "तुम्ही मोठी माणसं, सार. बोलावून खुर्चीवर बसवलंत. तोंडावर नाही कसं म्हणायचं? बरं दिसतं का?"

तू तोवर तुपाचं भांडं घेऊन साहेबांसमोर पोचली होतीस. "नको, नको, अम्मा, शुगर आहे," ते म्हणाले. त्या क्षणी त्यांच्या पोटात, दोन वेळा नको म्हणून झाल्यावरच्या, दोन होळिगे होत्या. तू तिसरी वाढलीस, तूप सोडलंस आणि त्यांनी खायला सुरुवात केल्यावर म्हणालीस, "तुमचं नको मी कितीदा मोडलं बघा. आणि तुम्ही या बायकांना एकदा विचारलंत आणि वही मिटलीत." मग माझ्याकडे वळलीस. सगळ्या ऑफिससमोर, मराठीत, म्हणजे कुणाला कळणार नाही असं तुला वाटत होतं तरी सगळ्यांना कळेल अशा आवाजात. "आणि तू गं? एवढी कॉन्व्हेंटात घातली तुला, तर घरचं वाढणं विसरलीस? पहिल्या नकोला ताट उचलतं का कुणी? मग पहिल्या होकारावर जागा कशी उचलता?" मला तेव्हा जमीन दुभंगावी असं वाटलं. सिस्टर लोकांनी मला आत्मविश्वासानं इंग्रजी बोलायला शिकवलं होतं, पण आईनं पंगतीत पाणउतारा केला तर काय करायचं, हे त्यांच्या अभ्यासक्रमात नव्हतं.

एवढं झाल्यावर प्रसिद्धी खात्याचा फोटोग्राफर उगवला. बैठक संपली आहे हे कळल्यावर हिरमुसला, मग एक-दोन फोटो पंगतीचेच काढले आणि जेवायला बसला.

दुपारी मी टंकयंत्रावर कागद चढवला आणि सगळं लिहिलं: जागा सोडायची नाही, छप्पर हवं, नळ हवा. साहेबांनी वाचलं आणि म्हणाले, "हे जेवतानाचं बोलणं आहे. हे अहवालात येत नाही. संमती आधीच झाली आहे." मी त्यांच्यापुढे कार्यक्रमपत्रिका ठेवली. विषय क्रमांक पाच: भोजन व संवाद. खाली त्यांचीच सही. मी म्हटलं, "सर, भोजन झालं. संवादही झाला. चौथ्या विषयात त्या हो म्हणाल्या, पाचव्यात कारण सांगून नाही म्हणाल्या. नंतरचं आधीच्याला रद्द करतं, हा आपलाच नियम." त्यांनी पत्रिकेची मागची बाजूही उलटून पाहिली. मग त्यांनी वेगळंच विचारलं. "तुमच्या आई पुन्हा येणार आहेत का?" मी म्हटलं, "अहवाल गेला तर नाही." त्यांनी सही केली. आता कळतं, माणूस वाईट नव्हता. घरी बायकोच्या हातून त्याचं नको रोज मोडलं जात असणार, पण ती रीत ऑफिसातही लागू पडते असं त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

त्या मुलीला मी हे सगळं सांगितलं, तर तिनं लिहून घेतलं, "इन्फॉर्मल ट्रस्ट बिल्डिंग." लिहू दे.

पुढचं तू पाहिलंस. बाग झाली, पण बाजाराच्या दुसऱ्या अंगाला, आणि कारंज्याला पाणी कधी आलंच नाही. बायकांच्या जागेवर पत्र्याचं छप्पर पडलं, नळ आला. नळापेक्षा उद्‌घाटन करणाऱ्याच्या नावाची पाटी मोठी होती, एवढंच. लीडर भेटली की मला म्हणायची, "अम्मा कशा आहेत? अजून ओरडतात ना?" ओरडतात म्हटलं की तिचं समाधान व्हायचं.

आणि मग दिल्लीहून तो छापील ग्रंथ आला. गुळगुळीत कागद, उशीएवढा जाड. आमचं वाक्य त्यात होतं. कुठल्याशा परिशिष्टात, बरंच वाळून, पण होतं: निवडण्याच्या जागा कामाच्या ठिकाणीच ठेवाव्यात, तिथे सावली आणि पाणी असावं. मी तो ग्रंथ घरी आणला, तुला वाक्य दाखवायला. पण तुला वाक्यात रस नव्हता. तू पानं उलटत फोटोपाशी थांबलीस. फोटोत मधोमध तू, नऊवारी खोचलेली, हातात होळिगे, कुणावर तरी ओरडत असावीस असा चेहरा. बायका कापल्या गेल्या होत्या; पानाच्या कडेला त्यांचे फक्त हात दिसत होते. खाली इंग्रजीत ओळ होती. तू म्हणालीस, "काय लिहिलंय गं माझ्याबद्दल?" आता घर डोक्यावर घेणार, दिल्लीला पत्र लिहायला लावणार, अशा तयारीनं मी वाचून अर्थ सांगितला: "बंगलोरमधली एक उपेक्षित, बाजूला सारलेली स्त्री."

तू चष्मा काढलास. पदरानं पुसलास. परत लावलास, फोटोकडे पाहिलंस आणि म्हणालीस, "त्यांना कुणी सांगितलं?"

आणि डाळ बघायला आत गेलीस.

हे पत्र कुठे टाकायचा प्रश्न नाही. लिहून झालं की कपाटात जाईल. तुझं मला सगळं पाठ आहे, अक्का. तुझे टोमणे, तुझ्या शिव्या, ऑटोवाल्याशी बोलताना वेगळा लागणारा तुझा आवाज, सगळं. हे वाक्यही पाठ आहे. पण ते तू हसत म्हणालीस की कसं, ते काही केल्या आठवत नाही. शब्द राहिले, सूर गेला. परवापासून मी ते वेगवेगळ्या आवाजात म्हणून बघते आहे, आणि प्रत्येक वेळी ते तुझंच वाटतं.