उषाबाईंचा साइटमॅप

३ एप्रिल, गुरुवार

आलो एकदाचा तीर्थपुरीला! खाली कचेरी, वर माझी ऐसपैस खोली, खिडकीतून बाजारपेठ दिसते. पाणी दिवसाआड, पण इंटरनेट पुण्याच्या तोडीचं. मालक चांदपाशा मोसंबीचे मोठे व्यापारी. चौसष्ट बागांची वेबसाइट चालवतात. दर बागेचं एक पान, त्यावर मालकाचं नाव, फोटो, पत्ता. कुणी मोसंबी शोधली की ही पानं वर दिसावीत, एवढं माझं काम. तीन महिन्यांत उरकेन. मे महिन्यात बायकोला, शालूला, आणि अर्पिताला इकडे बोलवायचं आहे. चार वर्षांच्या पोरीने झाडावरची मोसंबी अजून पाहिलेली नाही.

वेबसाइट पाहून मात्र हसावं की रडावं तेच कळेना. उषाबाई म्हणून साठीच्या एक बाई आहेत, सातवी पास. सकाळी कचेरी झाडतात, चहा करतात आणि मग संगणकापुढे बसून एका बोटाने साइटमॅप लिहितात. हाताने! साइटमॅप म्हणजे सर्च इंजिनला द्यायची पानांची यादी. ती यंत्र आपोआप बनवतं, आणि चौसष्ट पानांच्या साइटला तर ती लागतही नाही. पानं एकमेकांना जोडलेली असली की बॉट, म्हणजे पानं वाचत फिरणारा प्रोग्राम, लिंकवरून लिंकवर जात सगळं हुडकून काढतो. शिवाय यादी दिली तरी तो ती पाळेलच असं नाही. ती विनंती असते, हुकूम नव्हे.

हे सगळं चांदपाशांना अर्धा तास समजावलं. गाढवापुढे वाचली गीता. म्हणाले, बाकी सगळं बेशक बदला साहेब, फक्त उषाआक्काच्या यादीला हात लावू नका.

५ एप्रिल, शनिवार

यादी उघडली. चारशे पत्ते, आणि चौसष्ट बागांपैकी एकही त्यात नाही! सगळे पत्ते नसलेल्या पानांचे. दुष्काळात तोडून जाळलेल्या बागा, म्हणे. जिथे आता नुसतं रान आहे त्यांची नावं बाई रोज, क्रम बदलून, लिहीत बसते. आमच्या धंद्यात शिकाऊ पोरगंसुद्धा हे पहिल्या दिवशी साफ करतं.

विचारलं, तर त्यांनी चहाचा कप पुढे सरकवला आणि म्हणाल्या, "त्याला यायचंच असतं भाऊ. मी त्याला मोकळ्या रानात हिंडवून राह्यले. वाट रोज बदलावी लागती, न्हाई तर वळखतं ते." वेशीबाहेर उतारा ठेवतात ना, तसंच हे. दहीभात तिथेच खाऊन जावं, गावात शिरू नये.

सर्च इंजिनला उतारा! पुण्यात सांगितलं तर लोक हसून लोळतील.

कोण आलं-गेलं याची सर्व्हरवरची नोंद पाहिली. रोज दुपारी बाराला एक बिननावाचा पाहुणा येतो, चारशे पत्ते एकेक करून ठोठावतो आणि हात हलवत परत जातो. कुणाचा तरी फुकटा बॉट. त्याचीही कीव आली.

७ एप्रिल, सोमवार

यादी उडवली. सगळी पानं एकमेकांना जोडून दिली. प्रत्येक पानाच्या तळाशी "निर्मिती: हरिओम" टाकून त्याला जोडलेलं माझं एक पान केलं आणि त्यावरून हळूच शालूच्या रुखवत विकायच्या वेबसाइटला (तिथे घरचा पत्ता, मायलेकींचा फोटो) लिंक दिली. तेवढीच ती वर येईल. चांदपाशांना कळायचं नाही, त्यांना लिंक आणि लिंबू सारखंच.

उषाबाईंनी पडद्याकडे पाहिलं. पायरीवर बसून राहिल्या आणि चहा न करताच घरी गेल्या. रुसायला वय लागत नाही.

९ एप्रिल, बुधवार

जिंकलो! काल पाहुणा यादी न सापडून परत फिरला होता. आज बाराच्या ठोक्याला आला, लिंकवरून लिंकवर गेला आणि अकरा बागा पाहून आला. बिनयादीचा! चांदपाशांना नोंद दाखवली. त्यांनी फक्त विचारलं, कोणत्या अकरा? मी बागमालकांची नावं वाचली. मच्छिंद्रचं नाव आलं तसे ते फोन कानाला लावून चप्पल घालायलाही न थांबता बाहेर पडले.

१० एप्रिल, गुरुवार

मच्छिंद्रच्या बागेत गेलो. पानं हिरवीगार, फळं पिवळीजर्द. एक तोडलं तर हाताला वजनच लागेना. कापलं. साल शाबूत, आत काही नाही. रस नाही, फोड नाही, बी नाही. पूर्ण बाग तशीच. अकराच्या अकरा बागा तशाच.

कीड असेल म्हणालो. झाडाखाली बसलेल्या मच्छिंद्रने वरसुद्धा पाहिलं नाही. या लोकांना शास्त्र नको, तोंड पाडून बसायला हवं.

आज पाहुणा तेवीस बागा फिरला.

११ एप्रिल, शुक्रवार

मच्छिंद्र गेला. कालच्याच जागी, तसाच बसलेला सापडला. उचलायला चौघे धावले, एकट्याने उचलला. म्हणे मोसंबीच्या रिकाम्या टोपलीएवढा—

योगायोग. योगायोगच.

बाराला उरलेल्या तीस बागा झाल्या. चौसष्ट पुऱ्या. यादीशिवाय सगळं सापडतं, मी म्हटलंच होतं. मी बरोबर होतो.

१२ एप्रिल, शनिवार

पहाटेच उषाबाईंची यादी परत लावली. पाय धरले त्यांचे. त्या म्हणाल्या, "रस लागलाय त्याच्या तोंडाला. मंग मोकळ्या रानात कशाला जाईल ते?"

बारा वाजता आला. यादीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. प्रत्येक बागेच्या पानाच्या तळाशी गेला. माझं नाव वाचलं. चौसष्ट वेळा.

आता उरलं माझं पान. आणि माझ्या पानावरून बाहेर जाणारी एकच वाट— मी काढली ती. लिंक काढली, पान काढलं, अख्खी साइट बंद केली. पण एकदा दिसलेलं पान बॉट जपून ठेवतो. हे मीच शिकवतो लोकांना. फी घेऊन.

शालूला फोन केला, आईकडे जा म्हणालो. ती हसली. ऊन लागलंय म्हणाली. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय. देवा, माझं काय ते कर, तिचं नको, पोरीचं नको.

१३ एप्रिल, रविवार

साइट चालू केली. यादी लिहिली. हाताने, एका बोटाने, उषाबाईंशेजारी बसून. चारशे वेळा एकच पत्ता. माझा. नवं पान, त्यावरून पुढे कुठेच वाट नाही.

उतारा मीच.

उषाबाईंनी माझ्यापुढे दहीभात ठेवला. डोळे भरले होते त्यांचे. उतारा ठेवून लोक जातात तशा गेल्या. मागे न बघता.

११.५५. खोलीत मी एकटा. ये. इकडे ये.

१२.००— आला— यादी— यादी उघडलीच नाही त्याने— विनंती असते, हुकूम—

माझं पान. जुनं. वाचलं. पुढे गेला—

शालूचा फोन. म्हणते दारात कुणी टोपलीभर मोसंबी ठेवलीय, तूच पाठवलीस ना— टोपली किती हलकी— मी ओरडतोय, तिला ऐकू येत नाही— अर्पिता कुठे— म्हणते इथेच, कडेवर घेतलंय— म्हणते, अरे, आज ही इतकी हलकी का ला—