लांब बाह्यांचा स्वेटर

४ जानेवारी

पोचलो एकदाचा! आणि गाडी खरंच आहे. जाहिरातीतल्या फोटोत दिसत होती त्याहून वाईट अवस्थेत, म्हणजे माझ्यासाठी त्याहून भारी. जुनी लँड रोव्हर, १९६०च्या आसपासची. मूळचा हिरवा रंग, त्यावर कुणीतरी ब्रशने करडा फासलाय. शेडमध्ये विटांवर चढवून ठेवलीय आणि मागच्या भागात कोंबड्यांनी संसार मांडलाय. बॉनेट उघडून तासभर नुसता आत बघत उभा होतो, खोटं कशाला सांगू.

स्वॉन्झीतलं ते मोबाइलचं दुकान, बॉसची कटकट, ती कोंदट खोली, सगळं सुटलं. व्यवहार एकदम साधा आहे. गाडी मी मूळच्यासारखी करायची, तोवर राहणं-खाणं फुकट. ज्या दिवशी ती स्वतःच्या इंजिनावर शेडबाहेर निघेल, त्या दिवशी ती माझी. कागदपत्रांसकट. गाडीची मालकीण एलुनेड मावशी. या डोंगरात लहानथोर सगळे तिला मावशीच म्हणतात, मग मीही. सत्तरी ओलांडलीय, एकटी राहते, नवरा इडवल कधीच गेला. बोलायला फार गोड. आल्या आल्या मटणाचा रस्सा आणि बटाटे पुढे ठेवले. म्हणाली, मॅडॉक बाळा, शेडमध्ये गारठून मरशील, तुला स्वेटर विणते. लगेच सुतळी घेऊन माझ्या हाताचं मापसुद्धा घेतलं. माझ्या सख्ख्या आईने कधी विणला नाही!

उन्हाळ्यातल्या जुन्या गाड्यांच्या मेळ्यात ही गाडी मी स्वतः चालवत नेणार. लिहून ठेवतो.

९ जानेवारी

कोंबड्यांना हाकललं. खाली सरपटून सगळं नीट पाहिलं. चासी वाटली होती त्यापेक्षा बरीय. पण गाडीवर कुणीतरी काय काय अत्याचार केलेत! पुढच्या बंपरमध्ये इंजिन हाताने फिरवायचं हँडल घालायला भोक असतं ना, त्यावर जाड पत्रा वेल्डिंग करून टाकलाय. हॉर्नच्या आत डांबर आणि लोकर ठासून भरलीय. आणि सगळ्यात वाईट म्हणजे मागची बाजू. या गाड्यांना मागून एक फिरता शाफ्ट असतो, इंजिनची ताकद बाहेर काढून देणारा. त्याला पट्टा लावला की करवत चालते, चारा कापायचं मशीन चालतं. इथे तो शाफ्टच कापून नेलाय आणि राहिलेल्या भोकात चक्क काँक्रीट ओतलंय. काँक्रीट! गाडीत! 

हे असले शेतकरी जुगाड मला बघवत नाहीत. एक बोल्टसुद्धा चुकीचा राहू देणार नाही.

गेथिन येऊन गेला. इडवलचा भाऊ, ओढ्यापलीकडे त्याची मेंढरं असतात. दारातच उभा राहिला, आत पाय ठेवला नाही. म्हणे, काय साहेब, इंटरनेटवर बघून बघून शिकलात वाटतं? मी म्हटलं, हो. तर म्हणे, वा, मग पाना उलटा धरलाय तोही इंटरनेटवरच दाखवला असेल. धरला होता खरा उलटा. काँक्रीटचं विचारलं तर म्हणाला, ते मीच ओतलं. का, ते सांगितलं नाही. काढणार म्हटल्यावर त्याने एकदा मावशीच्या खिडकीकडे पाहिलं. मग म्हणाला, काढ. कुणीतरी काढायलाच हवं आता.

१७ जानेवारी

छिन्नी-हातोडा घेऊन काँक्रीट काढलं. तळहाताला फोड आलेत पण काय समाधान! बंपरवरचा पत्राही ग्राइंडरने उडवला. हॉर्न साफ करून बेंचवर ठेवलाय. इंजिन पूर्ण उघडलंय, पिस्टन एका रांगेत, व्हॉल्व्ह दुसऱ्या रांगेत, बघतच बसावं असं.

दुपारी एक गंमत झाली. मेंढ्या आल्या. डोंगरावरून सगळ्या खाली उतरल्या आणि शेडच्या फाटकाशी येऊन उभ्या राहिल्या, दाटीवाटीने, तोंडं शेडकडे. मावशी म्हणाली, चाऱ्याची गाडी आली असं वाटलं त्यांना. पूर्वी इडवल याच गाडीतून चारा न्यायचा, हॉर्न दिला की येत. मी हसलो. म्हटलं, मावशी, या मेंढ्या तर तेव्हा जन्मल्याही नव्हत्या. आणि गाडीचं इंजिन बेंचवर सुटं पडलंय.

ती म्हणाली, आयांकडून शिकतात रे पोरं.

जेवताना मध्येच ती उठून उभी राहिली. ॲप्रनला हात पुसले, दाराकडे दोन पावलं गेली, मग परत येऊन बसली. कुणी आलं का विचारलं. नाही म्हणाली.

२६ जानेवारी

मेंढ्या रोज येतात. आता गेथिनच्याही येतात, ओढा ओलांडून. दुपारी येतात आणि परत वर जात नाहीत. फाटकाशी चिखल झालाय, गवताचं पातं नाही, तरी उभ्याच. बरगड्या दिसायला लागल्यात. दोन आज उभ्या उभ्या मेल्या, बाकीच्यांनी चेंगरून धरल्या होत्या म्हणून पडल्यासुद्धा नाहीत.

गेथिनला राग येईल वाटलं. तो म्हणाला, लवकर आटप रे बाबा, अख्खा डोंगर उपाशी मरतोय तुझ्या इंजिनापायी. आणि मग गोणीत गुंडाळलेलं काहीतरी दारातून आत सरकवलं. उघडून बघतो तर मूळचा शाफ्ट! वंगण लावून जपून ठेवलेला, नंबरसुद्धा जुळतो. मी तर त्याला मिठीच मारणार होतो. तो मागे सरकला.

शाफ्टच्या जोडावर काहीतरी काळं वाळून चिकटलंय. डिझेलमध्ये भिजत ठेवलंय. लोकर आहे. करडी.

स्वेटर झाला. अंगात मस्त बसतो, फक्त बाह्या लांब, बोटांच्या खाली येतात. मावशी म्हणाली, धुतल्यावर आटतील. लोकर हिच्याच मेंढ्यांची, करडी. त्यात निळी सुतळी पिळून घातलीय, गवताचे भारे बांधायची प्लॅस्टिकची. टिकाऊ होतं म्हणे.

५ फेब्रुवारी

इंजिन बसलं. शाफ्ट बसला. हॉर्न जागेवर गेला, पण वायर जोडलेली नाही. हे मुद्दाम लिहितोय. वायर जोडलेली नाही, बॅटरी अजून विकत घेतलेली नाही.

आज मी ऐकला तो. दोनदा. पॉं, पॉं. भर दुपारी, मी गाडीच्या समोर उभा असताना.

खिडकीतून दिसलं, मावशी स्वयंपाकघरात उठून उभी राहिली होती.

८ फेब्रुवारी

डाव्या हाताने लिहितोय. उजवं मनगट मोडलं. दोन ठिकाणी.

बॅटरीविना हँडल मारून सुरू करायची म्हणून गेथिनला बोलावलं होतं. हँडल धरताना अंगठा वळवायचा नाही, बोटांच्याच बाजूला ठेवायचा, हे मला पाठ आहे. इंजिन उलटा झटका देतं. तसंच धरलं होतं. तर हा दारातून म्हणतो, अरे हे काय, बाईसारखं चिमटीत धरलंय, तुझी आजी बरी होती! चिडलो. मूठ आवळली. एकदा फिरवलं आणि —

इंजिन सुरू झालं नाही. फक्त झटका दिला.

हॉस्पिटलला त्यानेच नेलं. वाटेत मजेत बोलत होता. मी न विचारताच त्याने इडवलचं सगळं सांगितलं. इडवल मेंढ्यांना एक हॉर्न द्यायचा आणि बायकोला दोन. दोन वाजले की हातातलं टाकून पळत यायचं, नाहीतर कमरेच्या पट्ट्याने मार. मावशीचा लाडका कुत्रा त्याने याच गाडीखाली घातला, हळूहळू, रिव्हर्समध्ये, हिला मागे उभी करून. मग एक दिवस करवत चालवताना त्याची बाही शाफ्टमध्ये गेली. हिने विणलेला स्वेटर. मावशी पुढे बसली होती, लिव्हर तिच्या हाताशी. एकदा मागे ओढली की शाफ्ट बंद. तो ओरडत होता. ती विणत होती. गेथिन धावत आला तर त्याला म्हणाली, थांब, ही ओळ पुरी होऊ दे.

मी विचारलं, मग तू का नाही ओढलीस? तो म्हणाला, माझा कुत्रा नव्हता का तो? तिला पिल्लू मीच दिलं होतं.

आणि हसला. मग म्हणाला, पुरून, काँक्रीट ओतूनसुद्धा इडवल मात्र थांबेना. हॉर्न वाजतोच आहे. त्याला कुणीतरी हवंय. तिला तर आम्ही देणार नाही.

मला वाटलं थट्टा करतोय. कारमधून उतरताना त्याने माझ्या पाठीवर थाप मारली. चांगला पोरगा आहेस, म्हणाला.

९ फेब्रुवारी

जाणार. गाडी गेली खड्ड्यात. सकाळी दुधाचा टँकर येतो, त्याच्याबरोबर खाली गावात. मावशीला सांगितलं. ती रागावली नाही. फक्त म्हणाली, प्लास्टर उघडं ठेवून कसा जाशील या वाऱ्यात. स्वेटर घातला तिनेच, बाही प्लास्टरवरून ओढली आणि चुलीशी बसवून पुढे विणायला लागली. माझ्या हातावरच. बोटांमधून, अंगठ्याच्या भोवती, बंद करत. वारा शिरू नये म्हणून. दुखण्याची गोळी घेतली होती, डोळे मिटत होते. सुयांचा आवाज येत होता. फार बरं वाटत होतं, लहानपणासारखं.

लोकरीचा गुंडा तिच्या मांडीवर होता.

१० फेब्रुवारी, सकाळ

टँकर आला नाही. रस्ताभर मेंढ्या. घाटापर्यंत. नुसत्या उभ्या आहेत.

बाहीतून धागा निघालाय. तिने तोडलाच नाही. माझ्या मनगटापासून पलंगावरून, दाराखालून, जिन्यावरून —

ओढून पाहिला. कुठेतरी घट्ट बांधलाय. पलीकडून कुणीतरी परत ओढला.

स्वेटर काढायला गेलो. धड निघतं, डोकं निघतं. हात नाही. प्लास्टरवर आवळून बसलंय. दाताने तुटत नाही. सुतळी. सुतळीच्या आत तार.

स्वयंपाकघरात एक सुरी नाही. कात्री नाही. चूल विझवलेली.

पत्रा कापायची कात्री शेडमध्ये. माझीच.

नंतर

अंगणात. धागा ताठ झालाय. मी चालत नाही, चालवलं जातंय.

इंजिन सुरू आहे. मी नाही केलं. काय सुंदर आवाज आहे — एकही चुकीचा ठोका नाही — मी जोडलंय ते —

गेथिन फाटकाला टेकून उभा. ओरडलो. म्हणाला, अभिनंदन साहेब, चालू झाली. आता गाडी तुमची.

शेडमध्ये

शाफ्ट हळू फिरतोय. धागा गुंडाळतोय. कात्री बेंचवर, हात पोचत नाही, चार बोटं कमी पडतात. पाय चाकाला अडवलेत. गुडघ्यावर वही.

हे बाहेर फेकणार, मेंढ्यांच्या पलीकडे. ज्याला मिळेल त्याने — गाडी मूळच्यासारखी करू नका. काँक्रीट ओता. परत ओता —

पुढच्या सीटवर मावशी. मांडीवर विणकाम. नवीन, करडं. लिव्हर तिच्या हाताशी. तिच्या शेजारी कुणीतरी बसलंय. मागून फक्त खांदा दिसतो, त्या बाजूची बाही रिकामी —

ओढ मावशी, लिव्हर ओढ, पाया पडतो — 

हॉर्न. दोनदा.

या वेळी ती उठली नाही. माझ्याकडे वळून बघतेय. हसतेय. किती गोड — 

बोटं आत चाल — प्लास्टर फुट —

म्हणतेय थांब बाळा, ही ओळ पुरी होऊ