गजराचे वाण

४ जानेवारी २००४. पहाटे ४.००
(प्रत्यक्षात सकाळचे सव्वानऊ. तथापि संकल्प चारचा असल्याने नोंद त्याच वेळेची धरावी. उद्यापासून निश्चित.)
आमच्या कॉलनीतील महिला मंडळाने यंदा संक्रांतीचे वाण आपापसांत न लुटता सायखेड्यापुढील एका वस्तीवरच्या शाळेतील मुलांना देण्याचे ठरवले आहे. निर्णय स्तुत्य. गेल्या वर्षी आम्हांला आठ चहागाळण्या मिळाल्या. त्यांपैकी दोन आम्हीच आदल्या वर्षी दिलेल्या होत्या.
वस्तू निवडण्याचे काम अध्यक्षा मंगलाबाईंनी माझ्यावर सोपवले. म्हणाल्या, "मेरिटवाली आहेस ना, चालव डोकं! पण आधी जाऊन पोरांना विचार, काय हवंय ते."
विचारणे गौण. गरज ही अभ्यासाने कळते.

८ जानेवारी
(चारचा संकल्प प्रवासामुळे स्थगित.)
शाळेला भेट. नवनाथ गुरुजींनी मला वर्गापुढे उभे केले आणि म्हणाले, "विचारा मॅडम." पहिले वाक्य मी घरून पाठ करून नेले होते. ते घशापर्यंत व्यवस्थित आले आणि तेथेच राहिले. चौथीतली सृष्टी नावाची मुलगी उठून पाण्याचा पेला घेऊन आली. ओम नावाचा मुलगा म्हणाला, "मॅडमला बोलता येत नाय का?" वर्ग हसला. मुलांचा मनमोकळेपणा भावला.
विचारले नाही, निरीक्षण केले, जे अधिक शास्त्रीय असते. अर्धा वर्ग जांभया देत होता. सृष्टीला तर मला पाणी देऊन जागेवर बसताच डुलकी लागली.
निदान: आळस. पहाटे उठण्याची सवय नसणे. ही सवय लहानपणीच लागली तर आयुष्यभर टिकते, असे मी स्वानुभवाने, म्हणजे वाचनाने, सांगू शकते.

११ जानेवारी
ठरले. गजराची घड्याळे. बोर्डात आले तेव्हा सत्कारांत मला अशी पाच मिळाली होती. पाचही आजतागायत नव्यासारखी आहेत, कारण एकालाही किल्ली दिलेली नाही.
मंगलाबाई म्हणाल्या, "अगं, चेंडू दे, उड्यांची दोरी दे, खाऊ दे! घड्याळ काय चाटायचंय पोरांनी?" मी मनातल्या मनात अत्यंत समर्पक उत्तर दिले.
मेन रोडवरील दुकानात सर्व नमुने वाजवून पाहिले व सर्वांत कर्कश तो निवडला. दुकानदार म्हणाला, "ताई, हे शेजाऱ्यालाही उठवतं." तत्काळ पसंत.

२८ जानेवारी, रथसप्तमी
वाटप संपन्न. मुले कृतज्ञतेने गप्प होती. ओमने "याच्यात गेम हे का?" एवढेच विचारले.
पालकांना मात्र आनंद आवरेना. सृष्टीच्या आई धोंडाबाई माझे हात धरून म्हणाल्या, "बाई, लय उपेगाची वस्तू दिली! फुलं तोडायला अंदाजानं उठायचो. कधी डोळा लागून जायचा, मंग नाशकाची गाडी हुकायची. आता चारच्या ठोक्याला ही पोरगी शेवंतीत उभी!"
पहाटे चार! माझाच संकल्प एका अशिक्षित बाईंच्या तोंडी! वाक्याचा शेवटचा भाग किंचित खटकला. फार विचार केला नाही.

१० फेब्रुवारी
गुरुजींचा फोन. रविवारी चौथीची स्कॉलरशिप. सरावाच्या पेपरवर सृष्टी डोके ठेवून झोपली. म्हणाले, "मॅडम, जिल्ह्यात नंबर काढील अशी पोरगी. पूर्वी निदान तिची आई उठायला चुकायची, त्या दिवशी पोरीची झोप तरी व्हायची. आता घड्याळ चुकत नाही."
मी "हो" म्हणाले.
शनिवारी स्वतः जाऊन धोंडाबाईंना स्पष्ट सांगणार: परीक्षेच्या दिवशी तरी मुलीला झोपू द्या. भाषण तयार आहे. प्रस्तावना, तीन मुद्दे, समारोप.

१४ फेब्रुवारी
गेले. घड्याळ देवाशेजारी ठेवले आहे. त्याला हळदकुंकू वाहिलेले. धोंडाबाईंनी चहा दिला, परडीभर शेवंती दिली आणि घड्याळाची अखंड स्तुती केली. त्यांच्या बोलण्यात प्रस्तावनेला जागा सापडेना. मी तीन वेळा "छान" म्हणाले. घराच्या भिंतीला भिंत लागून ओमचे घर, तेही फुले तोडणाऱ्यांचेच; तेथून त्याचा आवाज आला, "सृष्टे, मॅडम बोलायला लागल्या का?"
सृष्टी मला थांब्यापर्यंत सोडायला आली. बस दिसताच तिने दप्तरातून घड्याळ काढले आणि माझ्या पर्समध्ये कोंबले. म्हणाली, "आईला सांगते, बिघडलं म्हून मॅडमनं दुरुस्तीला नेलं. उद्या पेपर हे ना."
माझी भेट अशा रीतीने फलद्रूप झाली.

१५ फेब्रुवारी. पहाटे ४.०० (खरोखर)
पर्समध्ये घड्याळ वाजले. आई "आग लागली का गं?" म्हणून धावत आली. शेजारच्यांचे दिवे लागले.
आयुष्यात प्रथमच मी पहाटे चारला जागी आहे. उठून काय करायचे असते, हे कोणत्याही पुस्तकात नव्हते. परंतु एक समाधान: या क्षणी ती मुलगी गाढ झोपली असेल, आणि ते केवळ माझ्यामुळे. त्या समाधानात पुन्हा आडवी झाले. डोळा लागणार, एवढ्यात आठवले.
भिंतीपलीकडे ओम. त्यालाही मीच दिले आहे. तेच. सर्वांत कर्कश.