गुहेतली करंगळी

मुखेड, मंगळवार, दिवेलागण

वार टाकलास का, सूनबाई? चुलीवर दूध ठेवून विसरणारी बाई तू, तुझ्याकडून रोजनिशी लिहून घ्यायची म्हणजे माझीच हिंमत.

लिही. नात दूरच्या बेटावर गुहा बघत हिंडून राहिली. तिथं जुन्या काळच्या माणसांनी भिंतीवर हाताचे छाप सोडलेत. एका छापाला करंगळी न्हाई. तिचे सर म्हणतात, देवापुढं कापली असंल. तसंच पुस्तकात छापणार हायत.

मी फोनवर म्हणलं, "अगं, कापली कशाला? जन्मभर खुरपं धरून माझी करंगळी आखडली. पोळ्याला बैलाच्या अंगावर रंगाचा थापा मारते, तवा ती उमटतच न्हाई. माझी काय कुणी कापली?"

"आजी, हे संशोधन आहे. तुला नाही कळायचं," म्हणली अन् फोन ठेवला.

गुहेतल्या त्या बाईनं राबून राबून बोट आखडून घेतलं, अन् हे लोक तिचं बोट देवाला वाहून मोकळे. बाईच असंल ना? का गडी? कुणी का असंना, करंगळी जागेवर होती. आता एकदा छापलं की कोण पुसणार?

सर परवा नांदेडहून तिकडं निघणार हायत. त्यांच्यासंगं नातीला धपाटे दे, शेंगदाण्याची चटणी दे. सरांच्या डब्यात मिरची दुप्पट टाक.