खंडेनवमीला थांबणारे डबे

१ ऑक्टो.
खंडेनवमी. चाकणला कंपनी मोजणीचे इलेक्ट्रॉनिक डबे बनवून विकते, मी ते तपासतो. प्रेस मशीनवर लागतात, माल किती निघाला ते मोजतात. आज टेबलावरचे चौदाच्या चौदा थांबले. पडद्यावर अक्षरं: आज पूजा, मशीनला सुट्टी.
सुपरवायझर शिंदे सर लाल. "कुणाची मस्ती ही?"
ती ओळ माझी.

२ ऑक्टो.
काळेवाडीची खोली. जेवण गेलं नाही.
भोसरीला तात्यांच्या वर्कशॉपात कामाला होतो तेव्हा लिहिलेला हा प्रोग्रॅम. नववी नापास, फोनवर बघून बघून शिकलो. नवमीला मशीन चालू दिसली की तात्या पेटायचे, म्हणून कॅलेंडरातून नवमीच्या पाच वर्षांच्या तारखा हातानं टाकल्या. मग नेटवर ठेवला, फुकट. वापरा, बदला, विका. फक्त नाव राहू द्या, आणि डबा घेणाऱ्यानं मागितला तर बदललेला कोड त्याला द्या.
डब्यासोबतच्या माहितीपुस्तकात माझं नाव नाही. सगळे हक्क कंपनीचे. पूजा तेवढी राहिली. पूर्ण वाचलंच नसणार कुणी.

३ ऑक्टो.
सरांना बोललो.
"फुकट ठेवलं होतंस ना भावा? मग घेतलं."
अट होती म्हणलं.
"अट कोण वाचतं राव. तुझं कॉन्ट्रॅक्ट कधी संपतंय?"
वरून चहा पाजला. तो पण प्यालो मी.

५ ऑक्टो. रवि.
पिंपरीत वकील. म्हणे, कंपनी सांगणार आम्हीच लिहिलं. डबे थांबल्याचा व्हिडिओ कुणीही बनवतं, पुरावा म्हणून पूजेची ओळ असलेला डबाच पाहिजे. आणि विकत घेणाऱ्यानं लेखी कोड मागितला तर जोर येईल.
मी कुठं विकत घेतलाय. पण पॅकिंगच्या चिठ्ठीवर भोसरीचा पत्ता बघितला होता. तात्यांचाच.

७ ऑक्टो.
तात्यांकडं.
"आरं, नवमीला थांबला तवा आमी नारळ फोडला. म्हणलं, कंपनी देवाधर्माची हाय."
मीच लिहिलंय म्हणलं. कंपनीकडं कोड मागायचं पत्र वाचून दाखवलं.
"सही करतो की. पण उद्या डबा बिघडला, तर येतील का कंपनीवाले?"
सही न होताच पत्र गल्ल्यात गेलं.
आईला फोन. "मोठ्या माणसांच्या नादी लागू नको." तिला कोणी सांगितलं मोठी आहेत म्हणून.

९ ऑक्टो.
सरांनी पेनड्राइव्ह दिला. पूजा काढलेला नवा प्रोग्रॅम, विकलेल्या सगळ्या डब्यांत भरायचा. जुना पुसला जातो.
"भोसरीपासून सुरू कर. तुझ्या ओळखीचे आहेत ना ते?"
कसं कळलं त्यांना.

१० ऑक्टो.
तात्यांच्या वर्कशॉपात बसून लिहितोय. डबा समोर, जुन्याच प्रोग्रॅमवर माल मोजतोय. पत्र गल्ल्यातून बाहेर आलंय, सही नाही. तात्या सहीसाठी चष्मा शोधतायत. चष्मा कपाळावर आहे, त्यांचं त्यांना ठरवू दे म्हणून मी सांगितलं नाही.
सरांचा फोन, तिसऱ्यांदा. "झालं का?"
"बघतोय सर," म्हणलं.
पेनड्राइव्ह खिशातच आहे.