रिकाम्या बसमधली शेजारीण

अहो, नमस्कार.

मी कायमची इकडे परदेशातच राहणार का, हे तुम्ही फोनवर विचारलंत तेव्हा लेक शेजारीच बसली होती. तिच्यासमोर उत्तर देववेना, म्हणून लिहिते आहे.

इथे माणसं फार शहाण्यासारखी वागतात. दोघंच असली तरी रांग लावतात. आपला पाय त्यांच्या पायावर पडला तर तेच माफी मागतात. शेजारी मात्र कुणी बसत नाही.

काल धुक्यात बस रिकामी होती. एकच बाई बसली होती आणि मी सवयीने नेमकी तिच्याच शेजारी टेकले. तिने असं पाहिलं, जणू मी तिच्या स्वयंपाकघरातच शिरले! मग पेंगता पेंगता तिचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. खिडकीबाहेर दिवे तरंगत होते. माझा थांबा गेला, तरी मी हलले नाही. कितीतरी महिन्यांनी कुणाचा तरी भार अंगावर आला होता.

घरी येऊन लेकीला सांगितलं, "मी परत जाते."

"बाबांनी बोलावलं का?"

"ते कसले बोलावतात!"

गोळ्या वेळेवर घेता ना? चहात साखर नको.

तुमची,
मी

ता. क. आज लेकीच्या हाती तिच्या घराची दुसरी किल्ली आणि माझा बसचा पास दिला.