तीन पट्टे की पाच

६ जानेवारी १९९७, सोमवार

पाच! पाचच आहेत! दोनदा मोजले.

सकाळी खार गॅलरीच्या कठड्यावर बसली होती, पोळीचा तुकडा दोन्ही हातांत धरून. पाठीवर तीन ठळक पांढरे पट्टे आणि दोन्ही कुशींना एकेक फिकट. नीट बघावं लागतं, पण आहेत. म्हणजे आमच्या जुईनगरची ही पाचपट्टी खार. तीनपट्टी ती वेगळी जात, कोकणात, घाटात दिसते. बी.एस्सी.ला झूऑलॉजी घेऊन काय मिळवलंस म्हणतात सगळे – हे मिळवलं!

चहा देताना आप्पांना सांगितलं. सासरेबुवा खुर्चीतूनच म्हणाले, रामाने तीन बोटं फिरवली, मग पाच पट्टे आले कुठून? अभिराम हसला. नवरा अशा वेळी नुसता हसतो आणि डबा घेऊन न्हावा शेव्याला पळतो.

८ जानेवारी

नेरूळच्या शाळेने बोलावलं होतं. विज्ञान शिकवायचं, शिवाय आठवड्यातून एकदा मुलांना बाहेर नेऊन झाडं, पक्षी, प्राणी ओळखायला शिकवायचं. मुख्याध्यापिका म्हणाल्या, फेब्रुवारीत रुजू व्हा, पण पंचवीस तारखेपर्यंत हो की नाही ते कळवा. इतकी वर्षं घरात बसल्यावर! रिक्षात एकटीच हसत होते. रिक्षावाला आरशातून बघत होता.

अडचण एकच. जाईची शाळा दुपारीच सुटते. पहिलीतलं पोर, हायवे ओलांडून आणायचं. अभिराम रात्रीशिवाय येत नाही. घरात राहिले आप्पा. विचारलं तर म्हणाले, मला जमणार नाही. का? तर नाही जमणार! चिपळूणला असताना हा माणूस रोज बाजारपेठेपर्यंत चालत जायचा. इथे आल्यापासून खुर्ची सोडायची नाही, टीव्ही नको, रेडिओच बरा. पेपरसुद्धा जाईकडून वाचून घेतात – म्हणे मुलीचं वाचन सुधारतं. माझं मात्र अडतं तिथे अडू दे!

९ जानेवारी

रात्री जेवताना विषय पुन्हा काढला. आप्पा म्हणाले, जिला खारीचे पट्टे धड मोजता येत नाहीत ती पोरांना काय शिकवणार.

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, तुमच्या डोळ्यांना दाखवते.

आप्पा म्हणाले, "माझ्या डोळ्यांना पाच दिसले तर जाईला मी आणीन. रोज आणीन."

अभिराम साक्षीला आहे. आता माघार नाही. आप्पांनी पाच म्हटलं की माझी नोकरी पक्की!

१० जानेवारी

खार आली. आप्पा म्हणाले – तीन.

११ जानेवारी

तीन. आणि लगेच! माणसाने मोजायला जरा वेळ तरी घ्यावा.

१४ जानेवारी, संक्रांत

आज खारीलाही तिळगूळ ठेवला. आली, वास घेतला, तीळ तेवढे कुरतडले आणि गूळ टाकून गेली. मी आप्पांच्या मागे उभी राहून म्हटलं, कुशीला बघा, फिकट आहेत ते बघा. तीन! तिळगूळ दिला तो गोड मानून घेतला, बोलणं मात्र तसंच.

गावातल्या विमलबाई वाण घ्यायला आल्या होत्या. आमची सोसायटी उभी आहे ती जमीन एके काळी त्यांची. त्यांना विचारलं, तुमच्याकडच्या खारीला किती पट्टे? म्हणाल्या, "तीन असूदे नायतर पाच, माना काय? माजं चिकू सगलं खाल्लान." आप्पा खूप दिवसांनी मोठ्याने हसले. मलाही हसू आलं. पण आप्पांवरचा राग गेला नाही.

१६ जानेवारी

नवी युक्ती. लांबून फिकट पट्टा दिसत नसेल तर खारच जवळ आणायची. कठड्यापासून आप्पांच्या खुर्चीपर्यंत शेंगदाणे टाकले. मी दाराआड. बया आली की! एकेक दाणा उचलत थेट आप्पांच्या पायाशी. आप्पांनी पाय हलवला नाही, श्वाससुद्धा रोखून बसले. चेहरा इतका हळवा झाला होता त्यांचा – मी कधी पाहिला नव्हता तसा. ती गेल्यावर मी अगदी हळू विचारलं, किती?

"तीन."

भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं. मग मोठ्ठं चित्र काढून हातात दिलं. बघितलंसुद्धा नाही, मांडीवर ठेवून म्हणाले, चित्रात काय, तू दहासुद्धा काढशील.

१९ जानेवारी, रविवार

अभिरामला उठवून मोजायला लावलं – पाच. जाईने मोजले – पाच. जाई आप्पांच्या गळ्यात पडून म्हणाली, आजोबा, कडेचे बघा ना, कडेचे! आप्पा एकदम भडकले. तिचा हात काढून आत निघाले, ते स्टुलावर आदळले. वर मलाच बोलले की चालायच्या वाटेत स्टूल कोण ठेवतं. स्टूल महिनाभर तिथेच आहे!

जाई रडली. माझ्यावरच्या रागापायी माझ्या पोरीला रडवलं ह्या माणसाने. सरळ सांगा ना, सुनेने नोकरी करायची नाही म्हणून! रामाला कशाला मध्ये आणता?

२१ जानेवारी

अभिराम म्हणाला, सोड ना आता, टेन्शन कशाला घेतेस, पुढच्या वर्षी बघू.

नाही सोडणार. पुढच्या वर्षी तीच खुर्ची आणि तेच आप्पा असतील. पंचवीस तारखेच्या आत ह्या माणसाच्या तोंडून पाच वदवून घेतले नाहीत तर नाव सुनीती नाही.

२३ जानेवारी

तीन. आप्पा हातात दाणे घेऊन बसले होते, खार मनगटावर पाय टेकून खात होती, तरी तीन. उद्याचा एक दिवस उरला.

२४ जानेवारी, शुक्रवार

आज खार आलीच नाही. मी गॅलरीत पायपुसणं वाळत घालत होते – तपकिरी, एकरंगी, त्यावर रेघ म्हणून नाही. झटकून कठड्यावर टाकलं तशी सुरसुर झाली. आप्पांनी तिकडे तोंड वळवलं, टक लावून बघितलं आणि मी विचारायच्या आत ठामपणे म्हणाले, "तीन."

हा माणूस जाईचा हात धरून हायवे कसा ओलांडणार होता! आणि खरं न सांगता नाही म्हणायला ह्याच्याकडे पट्ट्यांशिवाय दुसरं कारण तरी काय होतं!

मी खाली त्यांच्या खुर्चीशी बसले. म्हटलं, "हो आप्पा. तीनच आहेत."